एका ॲपमध्ये मावलेला देश

३ नोव्हेंबर २०१० रोजी संध्याकाळी चीनमधल्या कोट्यवधी लोकांच्या संगणकावर एक जाहीर पत्र उमटले. पत्र टेन्सेंट या कंपनीचे होते. ज्या संगणकावर ‘३६०’ हे सुरक्षा सॉफ्टवेअर असेल, त्यावर आमचे ‘क्यूक्यू’ यापुढे चालणार नाही. निर्णय अवघड होता, पण घेतला आहे, असा त्याचा मथितार्थ. क्यूक्यू ही गप्पांची सेवा. तिची सक्रिय खाती तेव्हा ६० कोटींच्या वर होती. ‘३६०’ बनवणाऱ्या चिहू कंपनीने क्यूक्यूमधल्या जाहिराती गाळणारे एक साधन नुकतेच बाजारात आणले होते, त्यावरून ठिणगी पडली. भांडण दोन कंपन्यांचे, पण ‘हे ठेवा किंवा ते ठेवा’ ही पाळी आली ग्राहकांवर. अखेर सरकारी खाते मध्ये पडले, दोघांनाही समज मिळाली आणि आठवडाभरात दोन्ही सॉफ्टवेअर पुन्हा एकत्र नांदू लागली.

या आठवड्यापासून सुरुवात करायला कारण आहे. पुढच्या दहा वर्षांत चीनमध्ये एका गप्पांच्या ॲपने बँक, बाजार, टॅक्सी, दवाखान्याचा नंबर, सरकारी कचेरी असे सगळे आपल्या पोटात घेतले. त्या ॲपचे नाव वेइशिन, चीनबाहेर वीचॅट. माणसांचा सगळा गोतावळा एकाच कंपनीकडे असला की तिला काय काय करता येते, हे नोव्हेंबर २०१० मध्येच दिसले होते. वीचॅटचे काम सुरू झाले तेही याच महिन्यात.

रिकाम्या जागा

वीचॅटच्या यशाचे श्रेय बहुतेक लेखक त्याच्या निर्मात्यांच्या कल्पकतेला देतात. ती होतीच. पण त्याहून मोठा वाटा चीनमधल्या रिकाम्या जागांचा होता, असे मला वाटते. जुलै २००९ मध्ये उरुमची शहरातल्या दंगलींनंतर फेसबुक आणि ट्विटर बंद झाले. मार्च २०१० मध्ये गूगलने चीनमधले आपले सर्च हाँगकाँगला हलवले. परदेशी स्पर्धक असे बाजूला झाले. देशातही बऱ्याच गोष्टी रुजल्या नव्हत्या. क्रेडिट कार्ड मूठभरांकडे. ई-मेलची सवय कचेऱ्यांपलीकडे फारशी गेलेली नाही. बहुसंख्य लहान व्यापाऱ्यांकडे वेबसाइट नाही. आणि नेमक्या याच काळात स्वस्त स्मार्टफोन आले. शाओमीचा पहिला फोन ऑगस्ट २०११ मध्ये १,९९९ युआनला जाहीर झाला. २०१२ च्या मध्यावर चीनमध्ये मोबाइलवरून इंटरनेट वापरणाऱ्यांची संख्या ३८ कोटी ८० लाखांवर गेली आणि तिने टेबलावरच्या संगणकाला मागे टाकले. म्हणजे कोट्यवधी लोकांची इंटरनेटशी पहिली गाठच हातातल्या फोनवर पडत होती. अमेरिकेत माणूस आधी वेबसाइट, मग ई-मेल, मग कार्ड, मग ॲप अशा पायऱ्या चढला. इथे अनेकांच्या वाट्याला थेट शेवटची पायरी आली.

टेन्सेंटला हा वर्ग ओळखीचा होता. मा ह्वाथंग आणि त्यांच्या साथीदारांनी १९९८ मध्ये शेन्झेनमध्ये ही कंपनी काढली. पहिले उत्पादन इस्रायलमध्ये जन्मलेल्या ‘आयसीक्यू’च्या धर्तीवरचे होते. नावसुद्धा ओआयसीक्यू. अमेरिकन मालकांनी हरकत घेतल्यावर ते बदलून क्यूक्यू झाले. वापरणारे भराभर वाढले, पण पैसा येईना. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या नॅस्पर्स समूहाने या कंपनीचा जवळजवळ निम्मा हिस्सा सुमारे ३ कोटी २० लाख डॉलरला घेतला, यावरून तेव्हाची तिची पत कळते. मग टेन्सेंटने एक अजब वाटणारा मार्ग धरला. क्यूक्यूवरच्या आपल्या छोट्या चित्राला कपडे, टोप्या, केशरचना विकत घेण्याची सोय २००३ मध्ये आली आणि तरुण मुलांनी त्यासाठी खरे पैसे मोजले. जाहिरातीऐवजी वापरणाऱ्याच्या खिशातून येणाऱ्या किरकोळ रकमांवर उभे राहता येते, हा धडा कंपनीने तेव्हा गिरवला. पुढे तो फार उपयोगी पडला.

ग्वांगझोऊची तुकडी

ऑक्टोबर २०१० मध्ये कॅनडातल्या ‘किक’ नावाच्या निरोप-ॲपने पंधरा दिवसांत दहा लाख लोक गोळा केले. टेन्सेंटच्या ग्वांगझोऊ कार्यालयात बसून ई-मेलचा विभाग सांभाळणाऱ्या झांग श्याओलोंग यांच्या नजरेतून ते सुटले नाही. झांग हे एकांतप्रिय प्रोग्रॅमर. ‘फॉक्समेल’ हे ई-मेलचे सॉफ्टवेअर त्यांनी नव्वदच्या दशकात जवळपास एकहाती लिहिले होते. २००५ मध्ये टेन्सेंटने ते विकत घेतले आणि त्याच्याबरोबर झांगही कंपनीत आले. मोबाइलवरची अशी सेवा उद्या क्यूक्यूलाच गिळेल, तेव्हा ती आपणच करावी, असा ई-मेल त्यांनी एका रात्री उशिरा मा ह्वाथंग यांना पाठवला. होकार तेव्हाच आला. आपल्याच हुकमी उत्पादनाला स्पर्धक उभा करायला मालकाने मान्यता दिली, ही या इतिहासातली कळीची घटना. कंपनीतल्या इतर तुकड्याही त्याच कामाला लागल्या होत्या. शाओमीचे ‘मिलियाओ’ तर डिसेंबरमध्येच बाजारात आले.

वेइशिन २१ जानेवारी २०११ रोजी प्रसिद्ध झाले. सुरुवात थंड होती. मजकूर आणि फोटो पाठवण्यापलीकडे त्यात फारसे काही नव्हते. मे महिन्यात बटण दाबून धरायचे, बोलायचे आणि सोडायचे, की आवाज पोचला, ही सोय आली. छोट्या पडद्यावर चिनी अक्षरे जुळवणे वयस्कांना आणि कमी शिकलेल्यांना जड जाई. या बटणाने त्यांचा प्रश्न सोडवला. ऑगस्टमध्ये आसपासच्या अनोळखी लोकांना शोधण्याची सोय आली, मग फोन हलवून ओळख करण्याची. तरुणांनी ती डोक्यावर घेतली. ४३३ दिवसांत १० कोटी लोक जमले. एप्रिल २०१२ मध्ये आप्तेष्टांना फोटो दाखवण्याची ‘मोमेंट्स’ ही भिंत आली, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये संस्था व व्यापाऱ्यांसाठी अधिकृत खाती.

या अधिकृत खात्यांकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, पण गप्पांच्या ॲपचे रूप खरे तर तिथून बदलू लागले. वृत्तपत्र, बँक, विमान कंपनी, रुग्णालय, नगरपालिका यांना वेगळी वेबसाइट न उभारता वाचक किंवा ग्राहक जिथे आहे तिथेच जाता आले. मित्राच्या निरोपाखाली बँकेचा निरोप, त्याखाली दवाखान्याचा. सगळे एकाच यादीत.

लाल पाकिटे

पैशांचा प्रश्न उरला होता. या मैदानात अलिबाबाचे ‘अलीपे’ २००४ पासून घट्ट पाय रोवून होते. वीचॅटमध्ये पैसे देण्याची सोय ऑगस्ट २०१३ मध्ये आली, पण लोक बँकेचे कार्ड जोडायला तयार नव्हते. गप्पांच्या ॲपला बँक खात्याचा नंबर कशाला द्यायचा, ही शंका रास्त होती. अलिबाबानेही धोका ओळखला. नोव्हेंबर २०१३ मध्ये वीचॅटवरून तिच्या ‘ताओबाओ’ बाजारात येण्याच्या वाटा तिने बंद केल्या.

कोंडी फोडली एका जुन्या रिवाजाने. चिनी नववर्षाला वडीलधारे लहानांना आणि दक्षिणेकडच्या ग्वांगडोंग प्रांतात मालक नोकरांना लाल पाकिटात पैसे देतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी टेन्सेंटच्या शेन्झेन कार्यालयातही मा ह्वाथंग यांच्या हातून पाकीट घ्यायला कर्मचाऱ्यांची रांग लागत असे. जानेवारी २०१४ मध्ये वीचॅटने हेच पाकीट फोनमध्ये आणले आणि त्यात एक बदल केला. समजा, दहा जणांच्या गटात कोणी १०० युआन टाकले, तर ॲप त्याचे दहा असमान वाटे करते. पाकीट गटात पडताच जो आधी बोट लावेल त्याला एक वाटा मिळतो. कोणाच्या हाती ३१ युआन येतात, कोणाच्या ०.८० युआन. लगेच सगळ्यांना सगळ्यांचे आकडे दिसतात. मग चेष्टामस्करी, आणि ज्याला सर्वांत जास्त मिळाले त्याने पुढचे पाकीट टाकायचे, असा आग्रह. मिळालेले पैसे बँकेत वळवायचे तर कार्ड जोडणे भाग. ३१ जानेवारीला नववर्ष होते. आदल्या संध्याकाळपासून आठव्या दिवसापर्यंत ८० लाखांहून अधिक लोकांनी ४ कोटी पाकिटे घेतली. अलिबाबाचे जॅक मा यांनी या चालीची तुलना पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याशी केली.

पुढच्या वर्षी टेन्सेंटने सरकारी दूरचित्रवाणीच्या नववर्ष सोहळ्याशी हातमिळवणी केली. १८ फेब्रुवारी २०१५ च्या रात्री घराघरांत माणसे टीव्हीसमोर बसून पाकिटांसाठी फोन हलवत होती. त्या रात्री १,१०० कोटी वेळा फोन हलवले गेल्याचे कंपनीने जाहीर केले. आजी-आजोबांची कार्डे नातवंडांनी जोडून दिली. अनुदान, सवलत, जाहिरात यांनी जे वर्षानुवर्षे झाले नसते ते दोन सणांत झाले. इथे मला टेन्सेंटचे मनापासून कौतुक वाटते. तिने लोकांना नवी सवय लावली नाही, जुन्या सवयीला जागा करून दिली.

मग उरलेला बाजार भराभर आत आला. जानेवारी २०१४ मध्ये दीदी ही टॅक्सी बोलावण्याची सेवा वीचॅटला जोडली गेली. प्रवाशाला १० युआनची सूट आणि चालकाला १० युआनचे बक्षीस, असा पैशांचा पाऊस पडला. त्याच वर्षी टेन्सेंटने डियानपिंग या उपाहारगृहांच्या सेवेत आणि जेडी या ऑनलाइन बाजारात हिस्से घेतले. जेडीला वीचॅटमध्ये ठळक जागाही मिळाली. २०१० च्या बदनामीनंतर कंपनीचे धोरण पालटले होते. दिसेल त्या धंद्याची नक्कल करण्याऐवजी धंदेवाल्यांत पैसे गुंतवायचे आणि त्यांना आपल्या छताखाली गाळा द्यायचा.

रस्त्यावरचा बदल मात्र एका कागदाने घडवला. कार्ड वाचणारे यंत्र महाग, त्याला फोनची तार, बँकेचा करार, प्रत्येक विक्रीवर कपात. भाजीवाल्याला यातले काही नको होते. त्याने आपल्या खात्याचा क्यूआर कोड छापून, प्लास्टिकमध्ये घालून गाड्याच्या दांडीला अडकवला. गिऱ्हाईक कोड टिपते, रक्कम भरते आणि फोन दाखवते. काम झाले. रताळी भाजणारे, पंक्चर काढणारे, देवळाबाहेरचे भिकारीसुद्धा असा कागद बाळगू लागले. चोरांनी दुकानदाराच्या कोडवर स्वतःचा कोड चिकटवण्याची युक्ती काढली. पुढे मध्यवर्ती बँकेने १ एप्रिल २०१८ पासून अशा छापील कोडवरून दिवसाला ५०० युआनची मर्यादा घातली.

९ जानेवारी २०१७ रोजी शेवटचा मोठा भाग जोडला गेला. ‘मिनी प्रोग्रॅम’ म्हणजे वीचॅटच्या आतच उघडणारी छोटी ॲप्स. वेगळे डाउनलोड नको, वेगळा पासवर्ड नको. आयफोन जाहीर झाल्याला त्या दिवशी बरोबर दहा वर्षे झाली, आणि तारीख योगायोगाने निवडलेली नव्हती. ॲपलच्या दुकानाला वळसा घालणारे दुकान आता वीचॅटमध्ये होते. काम झाले की माणसाने ॲप बंद करून निघून जावे, तेच चांगले साधन, असे झांग वारंवार सांगत. त्यांनी जाहिरातींनाही बराच काळ थोपवून धरले. हेतू प्रामाणिक असावा. परंतु एक काम संपवून माणूस बाहेर पडे आणि दुसऱ्या कामासाठी परत आतच येई. २०१८ च्या वसंतोत्सवात खात्यांनी १०० कोटींचा टप्पा ओलांडला.

चावी कोणाकडे

एवढे सगळे एका ठिकाणी आले की राज्यसत्ता तिथे न येती तरच नवल. चिनी कायद्याने खात्यामागे खरे नाव सक्तीचे केले. मजकुराची जबाबदारी कंपनीवर टाकली. टोरांटो विद्यापीठाच्या ‘सिटिझन लॅब’ने २०१६ मध्ये दाखवून दिले, की चीनमधल्या फोन नंबरवर उघडलेल्या खात्याला सेन्सॉरचे नियम माणूस परदेशी गेला तरी चिकटून राहतात. निरोप पाठवणाऱ्याला तो गेला असे वाटते, पण पलीकडे पोचतच नाही.

३० डिसेंबर २०१९ रोजी वुहानच्या मध्यवर्ती रुग्णालयातले नेत्रतज्ज्ञ डॉ. ली वेन्लियांग यांनी आपल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या जुन्या सोबत्यांच्या वीचॅट गटात लिहिले, की मासळीबाजाराशी संबंधित सात रुग्णांमध्ये सार्ससारखा आजार आढळला आहे, घरच्यांना जपायला सांगा. वर्गमित्रांच्या गटातली ही खाजगी काळजी. तिचे स्क्रीनशॉट काही तासांत नावासकट पसरले. ३ जानेवारीला पोलिसांनी त्यांना बोलावून अफवा पसरवल्याबद्दलच्या ताकिदीवर सही घेतली. ७ फेब्रुवारी २०२० रोजी त्याच आजाराने त्यांचा मृत्यू झाला. एकाच गटात डॉक्टरला मित्र भेटले आणि पोलिसही.

मग साथ पसरली आणि प्रत्येकाच्या फोनवर आरोग्य कोड आला. हिरवा असेल तर मोकळीक, पिवळा असेल तर थांबा, लाल असेल तर विलगीकरण. तो अलीपे किंवा वीचॅटमधून उघडायचा. तो दाखवल्याशिवाय मेट्रो नाही, दुकान नाही, कित्येकदा स्वतःच्या वसाहतीत प्रवेश नाही. साथीच्या दिवसांत या कोडाने पुष्कळ मदत केली, हे नाकारता येणार नाही. पण जून २०२२ मध्ये हेनान प्रांतात काय झाले ते पाहा. तिथल्या काही ग्रामीण बँकांनी एप्रिलपासून ठेवी अडवून ठेवल्या होत्या. ठेवीदार दाद मागायला झेंगझोऊला येऊ लागले. स्टेशनवर कोड टिपला की तो लाल. ना ताप, ना संसर्ग, सोबतचा माणूस मात्र हिरवा. सरकारी चौकशीतच पुढे आले, की १,३१७ ठेवीदारांना असे लाल करण्यात आले होते आणि त्यातले ८७१ जण तर झेंगझोऊत आलेही नव्हते. पाच अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. यात टेन्सेंटचा दोष नव्हता. कोड प्रांतिक सरकारचा होता. परंतु आपलेच पैसे मागायला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला स्टेशनवर अडवण्यासाठी शिपायाची गरज उरली नव्हती, हे त्या कारवाईने पुसले जात नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बीजिंगच्या सितोंग पुलावर एका माणसाने सरकारविरोधी फलक लावले. त्याचे फोटो पाठवणाऱ्या अनेकांची वीचॅट खाती कायमची बंद झाली. खाते गेले म्हणजे गप्पा गेल्या, एवढेच नव्हते. वर्षानुवर्षांचे संपर्क, कामाचे गट, अधिकृत खात्यांवरच्या सेवा सगळे एका झटक्यात तुटले. काहींनी दुसऱ्या समाजमाध्यमावर जाऊन टेन्सेंटला उद्देशून माफीनामे लिहिले. प्रौढ, कमावत्या माणसांनी ॲपचे खाते परत मिळावे म्हणून कंपनीची करुणा भाकावी, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत अस्वस्थ करणारे पान वाटते.

चीनने काही गाठी स्वतःच सोडवायला घेतल्या, हेही सांगितले पाहिजे. स्मार्टफोन न वापरणाऱ्या वृद्धांची परवड इतकी वाढली, की नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारला त्यांच्यासाठी खास आराखडा काढावा लागला. रोख रक्कम नाकारू नका, अशी तंबी मध्यवर्ती बँकेने दिली. सप्टेंबर २०२१ मध्ये उद्योग खात्याने कंपन्यांना एकमेकींच्या लिंक उघडू देण्यास भाग पाडले.

आपल्याकडे

वीचॅट भारतातही आले होते. २०१३ मध्ये परिणिती चोप्रा आणि वरुण धवन त्याच्या जाहिरातीत झळकले. पण आपल्याकडे व्हॉट्सॲप आधीच घरोघरी पोचले होते. २९ जून २०२० रोजी बंदी आलेल्या ५९ चिनी ॲपमध्ये वीचॅट होते, आणि त्याची झळ बसली ती चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत असलेल्या आणि साथीमुळे मायदेशी अडकलेल्या विद्यार्थ्यांना. त्यात महाराष्ट्रातली मुलेही होती. चिनी विद्यापीठांचे निरोप वीचॅटवरच येत.

भारत दुसऱ्या वाटेने गेला, आणि ती वाट मुंबईत आखली गेली. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआयची चाचणी सुरू केली. भाजीवाल्याचा छापील कोड इथेही आहे, पण तो कोणत्याही ॲपने टिपता येतो आणि पैसे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जातात. पैशांचा रस्ता एका कंपनीच्या मालकीचा राहिला नाही. व्हॉट्सॲपने फेब्रुवारी २०१८ मध्ये दहा लाख लोकांवर चाचणी सुरू केली, पण पूर्ण परवानगीसाठी त्याला नोव्हेंबर २०२० पर्यंत थांबावे लागले, तीही आधी २ कोटी ग्राहकांपुरती. मर्यादा पूर्णपणे उठली ती २०२४ च्या डिसेंबरअखेर. तोवर लोकांचे हात दुसऱ्या ॲपवर बसले होते. आपल्याकडे वीचॅट घडले नाही, याचे मुख्य कारण माझ्या मते हेच.

पण म्हणून विषय संपलेला नाही. मेट्रोचे तिकीट व्हॉट्सॲपवर मिळते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मेटा कंपनीशी करार करून ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर आणण्याचे जाहीर केले. तालुक्याला दोन खेपा घालणाऱ्या माणसाला दाखला फोनवर मिळत असेल तर तो जरूर मिळावा. मात्र तोच दाखला सेतू केंद्रात, कागदी अर्जावर, त्याच दिवसांत आणि त्याच शुल्कात मिळत राहील याची हमी सरकारने आज लेखी द्यावी. आणि ज्याचे व्हॉट्सॲप खाते कंपनीने बंद केले त्याने आपल्या तालुक्यात कोणत्या अधिकाऱ्याकडे दाद मागायची, हेही त्या कागदावर नाव-पदासह लिहिलेले असावे. आपल्या आमदारांना हे दोन प्रश्न आत्ताच विचारा.